दोष कोणाचा?

मर्तिकाच्या घरी किंवा मिस्सेनंतर चर्चच्या आवारात कोणाचा तरी विषय निघतो. अमका दारूने गेला. तमक्याला पन्नाशीच्या आतच हृदयविकाराचा झटका आला. निकाल लगेच लागतो: "स्वतःच्याच करणीने गेला!" हा निकाल इतक्या सहज देता येतो का, यावर आज आपण थोडा विचार करू या.

अमेरिकेतील सॅन दिएगो येथे 1985 च्या सुमारास डॉ. व्हिन्सेंट फेलिटी लठ्ठ रुग्णांसाठी वजन कमी करण्याचा उपक्रम चालवीत होते. ज्यांचे वजन चांगले उतरत होते, नेमके तेच रुग्ण उपक्रम अर्धवट सोडून जाऊ लागले. चौकशी केली तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांवर लहानपणी लैंगिक अत्याचार झाल्याचे उघड झाले. काहींच्या दृष्टीने जाडेपणा हा आजार नव्हताच, तो आडोसा होता. आपल्याकडे कोणाची नजर वळू नये म्हणून धरलेला. डॉक्टर ज्याला रोग समजत होते, तो त्या जखमी मनाने शोधलेला उपाय होता.

पुढे फेलिटी व डॉ. रॉबर्ट अँडा यांनी एकूण 17,000 हून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाविषयी विचारले. घरात मारहाण होती का? आईला मार बसत असे का? कोणी दारुडे, मनोरुग्ण, तुरुंगात गेलेले होते का? पहिले निष्कर्ष 1998 साली प्रसिद्ध झाले. असे चार किंवा अधिक प्रकारचे आघात सोसलेल्यांमध्ये दारूचे व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, काहीच न सोसलेल्यांच्या तुलनेत, चार ते बारा पट होता. हृदयविकार, कर्करोग, फुप्फुसाचे विकारही अधिक होते. आणि ही काही झोपडपट्टीतील माणसे नव्हती. बहुतेक मध्यमवर्गीय, आरोग्य विमा असलेली होती.

हे कसे घडते? कुत्रा मागे लागला की शरीरात ॲड्रिनलिन व कॉर्टिसॉल वाढते, छाती धडधडते, पळायला बळ येते. धोका टळला की सारे शांत होते. पण ज्या घरात बाप रोज संध्याकाळी झिंगत येतो, तेथील मुलाचे शरीर रोज त्याच तयारीत बसलेले असते. वर्षानुवर्षे असे चालले की रक्तदाब, रोगप्रतिकारशक्ती, वाढता मेंदू या सर्वांवर परिणाम होतो. "लहान आहे, त्याला काय कळते?" असे मोठी माणसे म्हणतात. कळत नसेलही, छाती मात्र धडधडतच असते.

मग माणसाची स्वतःची जबाबदारी उरलीच नाही का? आम्हाला तसे वाटत नाही. जखमी बालपणातून आलेली कितीतरी माणसे सरळमार्गी, निरोगी जगली आहेत. हे गुण एखाद्या व्यक्तीचे भवितव्य वर्तवण्यासाठी वापरू नयेत, असा इशारा खुद्द अँडा यांनीही 2020 साली दिला. "बिचारा, तो तसाच राहणार" असे म्हणणारा दयाळू वाटतो खरा, पण तोही त्या माणसाला बदलण्याची संधी नाकारतोच. दोष देणे आणि कीव करणे, दोन्हींत आपण लांबच उभे असतो.

जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले होते की पाप कोणाचे, त्याचे की त्याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही नाकारले आणि चिखल करून त्याच्या डोळ्यांना लावला (योहान 9).

रुमेनियातील अनाथालयांची दुरवस्था जगजाहीर झाल्यानंतर, 2000 साली बुखारेस्टमध्ये 136 मुलांचा अभ्यास सुरू झाला. त्यांतील निम्म्या मुलांना सांभाळणाऱ्या कुटुंबांत ठेवण्यात आले. जी मुले दोन वर्षांची होण्याआधी घरात गेली, त्यांची प्रगती अधिक झाली. ते आईबाप सख्खे नव्हते. पण रोज तोच चेहरा, तोच हात होता.

आपल्या गावांत अशी माणसे पूर्वी आपोआप मिळत. आजी, काकू, शेजारची मावशी. आता दारे बंद असतात, आणि भिंतीपलीकडचा आरडाओरडा हा "त्यांच्या घरचा मामला" ठरतो. त्या घरातील पोराला अभ्यासाच्या निमित्ताने रोज तासभर आपल्या ओटीवर बसवून घ्यायला मात्र कोणाची परवानगी लागत नाही. आणि मूल मार किंवा अत्याचार सोसत असल्याची शंका आली, तर 1098 हा मुलांसाठीचा मोफत दूरध्वनी क्रमांक चोवीस तास चालू असतो.