नाबोथाचा मळा व सिएरा लिओनचे हिरे

(शास्त्रपाठ : १ राजे, अध्याय २१)



नाबोथाचा द्राक्षमळा अहाब राजाच्या वाड्याशेजारीं होता. मळ्याचा कांहीं अपराध नव्हता. तरी त्याच्यापायीं नाबोथास दगडमार झाला, कारण ज्याच्या हातीं राज्य होतें त्याच्या अंतःकरणांत लोभ शिरला होता. ही गोष्ट जुनी झाली असें कोणीं समजूं नये.

पश्चिम आफ्रिकेंत सिएरा लिओन नांवाचा लहानसा देश आहे. तेथें १९३० सालीं हिरे सांपडले. कोनो जिल्ह्यांत ते नदीकांठच्या वाळूंत मिळतात. फावडें व चाळण असली म्हणजे पुरे. देवानें गरिबाच्या हाताशीं ठेविलेलें हें धन राज्यकर्त्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं आपसांत वांटून घेतलें. शाळा मोडकळीस आल्या, तरुणांस काम मिळेना. अशा वाळलेल्या गवतावर १९९१ च्या मार्चांत ठिणगी पडली. फोडे सांको ह्याचे बंडखोर लायबेरियांतून आंत शिरले व पुढें हिऱ्यांच्या नद्या त्यांच्या हातीं गेल्या. गांवकऱ्यांकडून जबरीनें वाळू चाळून घ्यावी, मूठभर खडे सीमेपार न्यावे, त्यांच्या मोलानें बंदुका आणाव्या, आणि बंदुकांच्या बळावर पुन्हा नद्या राखाव्या, असें हें रहाट फिरलें. सुमारें ५०,००० माणसें मेलीं. मुलांच्या हातीं शस्त्रें दिलीं. कित्येक निरपराध्यांचे हात तोडले. युद्ध २००२ सालीं संपलें. बंडखोरांस साह्य करणारा लायबेरियाचा माजी अध्यक्ष चार्ल्स टेलर ह्यास २०१२ सालीं ५० वर्षांची शिक्षा झाली.

तर मग हिराच पापी काय? बोट्स्वाना देशांतही १९६७ सालीं मोठी हिऱ्यांची खाण सांपडली. तेथील खाणी खोल, म्हणून राखावयास सोप्या, हें खरें. तरी राज्यकर्त्यांनीं तें उत्पन्न सर्व प्रजेचें मानून शाळा, रस्ते व दवाखाने ह्यांस लाविलें, आणि तेथें यादवी झाली नाहीं. खडा तोच, कारभारी निराळा.

हें दूरदेशचें म्हणून आपण हात झटकूं नयेत. जगांतील बहुतेक हिऱ्यांस पैलू आपल्या शेजारीं सुरतेंत पाडितात, व मुंबईंत त्यांचा मोठा व्यापार चालतो. बंडखोरांचे हिरे बाजारांत येऊं नयेत म्हणून २००३ पासून किंबर्ली कराराप्रमाणें दाखले तपासतात. तें चांगलेंच आहे. परंतु दाखल्यानें हिऱ्याची पारख होते, अंतःकरणाची होत नाहीं. लढायांचें मूळ याकोब आपल्या अंतरींच्या वासनांत दाखवितो. पाटाचें पाणी, गांवचें गायरान, नदीची वाळू ह्यांवरून भाऊ भावावर काठी उचलितो, तेव्हां तेंच बीं आपल्या अंगणांत रुजत असतें.

भूमि परमेश्वराची आहे; आपण तिचे कारभारी आहों. उपदेशक बंधूंनो, एलीया राजास त्या बळकाविलेल्या मळ्यांतच जाऊन भेटला. आपल्या गांवीं जें सर्वांचें तें कोणी एकटा बळकावीत असेल, तर रक्त सांडण्यापूर्वींच त्याच्याकडे जा व प्रीतीनें, पण निर्भयपणें बोला. आणि तो एकटा मीच तर नाहीं ना, हें प्रत्येकानें आज प्रार्थनेच्या वेळीं प्रभूस विचारावें.