‘भारी’ या शब्दाबद्दल थोडंसं

चि. मुक्ता,


तुझं पत्र आणि चाखणीचं टिपण मिळालं. नाशिकच्या त्या शिराजबद्दल पहिल्याच ओळीत ‘एकदम भारी’ लिहिलं आहेस. आपल्याकडे भारी म्हणजे जड आणि भारी म्हणजे झकासही. रेड वाइन जोखताना एवढी एक गल्लत करू नकोस.

जडपणा ओळखणं सोपं. सायीचं म्हशीचं दूध आणि साय काढलेलं दूध, डोळे मिटूनही कळतं ना? तसंच. पण तो आला कुठून? आबांच्या द्राक्षबागेत तू पाहिलं आहेस: एप्रिलात खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, जानेवारी ते मार्च तोडणी. मार्चचं ऊन लागलं की मण्यांत साखर झपाट्याने चढते आणि आंबटपणा उतरतो. लिटरमागे साधारण 17 ग्रॅम साखरेचा 1 टक्का अल्कोहोल होतो. म्हणजे तोडणी नुसती लांबवली तरी अल्कोहोल वाढून वाइन जड होते. चांगली होईलच असं नाही.

घोट तोंडात घोळव आणि आधी जबड्याच्या कडेला पाणी सुटतं का बघ. तो आंबटपणा; तो नसेल तर दुसरा घोट घ्यावासाच वाटत नाही. मग हिरड्यांकडे लक्ष दे. टॅनिन सालीतून आणि बियांतून उतरतं. पिकलेली जांभळं खाल्ल्यावर जीभ जशी ओढली जाते, तितपत छान. कच्च्या सुपारीसारखं तोंड आवळून आलं, तर बाटली लवकर उघडली गेली असेल, नाहीतर बियांचा अर्क जास्त उतरला असेल. शेवटी घशातली ऊब. तिन्हींतलं एकच वरचढ असेल तर ‘भारी’ खोडून टाक. आणि थुंकायचं बरं का! सहा ग्लास गिळल्यावर कुणाचीही जीभ खोटं बोलते.

वासाच्या रकान्यात ‘ब्लॅककरंट’ लिहिलं आहेस. आइस्क्रीम सोडून कधी खाल्लं आहेस का गं? शिराजला मिरीचा वास येतो तो रोटंडोन नावाच्या द्रव्यामुळे, आणि तेच द्रव्य मिरीतही असतं. चार दाणे कुटून हुंग, मग ग्लास हुंग. लेबलावरचे शब्द उतरवू नकोस. फसवायला डोळा आहेच. 2001 साली छापून आलेल्या एका प्रयोगात बोर्दोच्या 54 वाइनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये वासहीन लाल रंग मिसळून दिला, तर त्यांनी वर्णन लाल वाइनचं केलं! मी तरी कुठला शहाणा. व्हॅनिलाच्या वासावरून एका वाइनच्या पिंपाची भर बैठकीत तारीफ केली होती. नंतर कळलं, तिने पिंप पाहिलंच नव्हतं. स्टीलच्या टाकीत ओकचे तुकडे टाकले होते.

एक शंका. तुझी बाटली स्वयंपाकघरातल्या फळीवरच होती ना? मेच्या उकाड्यात तिथे पारा तिशी ओलांडतो, आणि तेवढ्या तापमानाला अल्कोहोल नाकात घुसतो, बाकीचं काही कळत नाही. 16 ते 18 अंश पुरे. उरलेली बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेव, ग्लास एक तृतीयांशच भर, आणि नवं टिपण पाठव. आईने मिरी कशाला हवी विचारलं, तर माझं नाव सांग.

तुझा,
मामा