शेवटच्या बाकावर कोण?



गेल्या पावसाळ्यात भामरागडकडची एक मुलगी चंद्रपूरला कॉलेजसाठी आली. सलग तीन रविवार ती मिस्साला येऊन शेवटच्या बाकावर बसली आणि आशीर्वाद होताच निघून गेली. चौथ्या रविवारी ती आली नाही. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, म्हणजे घरी जाण्याचीही सोय नाही. हे आम्हांला फार उशिरा सुचले. आपले युवक मंडळ त्या तिन्ही रविवारी चर्चच्या दाराशीच गप्पा मारत उभे होते.

मुले वाईट नाहीत. त्यांच्यातला एक जण तापाने आजारी पडला, तेव्हा याच मुलांनी आळीपाळीने दवाखान्यात रात्री काढल्या. एसटीत ती एकमेकांसाठी रुमाल टाकून जागा धरतात. हा जिव्हाळा त्यांना गटानेच शिकवला. पण गट कुंपणही घालतो. माडिया बोलणाऱ्या मुलीचे मराठी अडखळले की वर्गात एक हसतो आणि बाकीचेही हसतात. दुष्टपणाने नव्हे, आपण वेगळे पडू या भीतीने. एकेकटे भेटले असते तर त्यांच्यातल्या बहुतेकांनी तिला मदतच केली असती. रॅगिंगमध्येही पुष्कळदा हेच घडते. त्याविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ साली कायदा झाला आणि त्याचा धाक हवाच. पण एकटीच्या शेजारी बसून डबा उघडा, असे कोणता कायदा सांगणार?

लूककृत शुभवर्तमानातील (१०:२५-३७) शास्त्र्याने माझा शेजारी कोण असे विचारले, तेव्हा त्याला कुंपण कुठवर आहे हेच जाणून घ्यायचे होते. प्रभूने उत्तरात शोमरोनी माणूस उभा केला; म्हणजे यहुदी ज्यांच्याशी व्यवहारही ठेवत नसत, त्यांच्यातला. पोप फ्रान्सिस यांनी २०२० च्या ‘फ्रातेल्ली तुत्ती’ या पत्रात एक संपूर्ण प्रकरण या दाखल्याला दिले.

मग गटच नकोत का? तसे आम्हांला वाटत नाही. आपल्याच जिल्ह्यात, मूल तालुक्यातील सोमनाथला बाबा आमटे यांनी तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू केली. कुष्ठमुक्त माणसांनी कसलेल्या त्या भूमीवर शहरांतली कॉलेजची मुले मे महिन्याच्या उन्हात श्रमदानाला येत आली. घरी कुष्ठरोगाच्या नावाने बिचकणारा मुलगाही तिथे पंगतीला बसतो, कारण बाकीचे बसलेले असतात. वर्गात हसायला लावणारी ओढ आणि ही ओढ एकच. त्या गटाची रीत काय पडली आहे, एवढाच फरक.

आपली रीत आम्हीही घातली नव्हती, हे कबूल केले पाहिजे. युवक मंडळाशी बोलणे झाले आहे. यापुढे दर रविवारी त्यांच्यातले दोघे मागच्या बाकावर बसतील. वसतिगृहातील एखाद्या विद्यार्थ्याला रविवारी जेवायला बोलावणे ज्या कुटुंबांना शक्य आहे, त्यांनी मिस्सानंतर नाव द्यावे. त्या मुलीसाठी आम्ही वसतिगृहात निरोप ठेवला आहे. अजून उत्तर आलेले नाही.