वरच्या अंगाचं पाणी

जाळं ओढून झालं की तात्या हात धुतात ते घरून आणलेल्या कॅनमधल्या पाण्याने. समोर उजनीचं पाणी नजर पोचेल तिथवर पसरलेलं, आणि हा माणूस पाच लिटरच्या कॅनचं बूच उघडून हातावर बेताने धार सोडतो. "धरणाच्या पाण्यानं खाज सुटती मास्तर," एवढंच ते म्हणाले. इंदापूर तालुक्यातल्या कळाशीच्या काठावरची, मार्च महिन्यातली ही सकाळ. जाळ्याच्या दोऱ्यांना हिरवा बुळबुळीत लगदा चिकटलेला. मासळीत निम्म्याहून जास्त चिलापी. तळाशी दोन काळपट, काटेरी सकर मासे. बाजारात त्यांना कोणी विचारत नाही, वर त्यांच्या काट्यांनी जाळं फाटतं ते वेगळंच. धरण नव्हतं, नदी होती, तेव्हा तात्यांच्या वडिलांच्या जाळ्यात वाम, मरळ, शिंगाळा यायचे. आता ती नावं घेताना तात्यांचा आवाज थोडा खाली येतो.

उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. साठा सुमारे ११७ टीएमसी, पण त्यातला ६३ टीएमसीहून अधिक मृत साठा. म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी तळाशी बसून राहणारं, आणि वरून वाहत आलेलं जे काही या संथ पाण्यात बसतं ते बरंचसं तिथेच मुक्कामाला. उन्हाळ्यात पाणी या मृत साठ्यात उतरलं की आमच्याकडे "उजनी मायनसमध्ये गेली" असं म्हणतात. पाणी फार उतरलं की पळसदेवच्या जुन्या मंदिराचं शिखर वर येतं. लोक ते पाहायला गर्दी करतात, फोटो काढतात. त्याच वेळी उघड्या पडलेल्या गाळाच्या कडेला जी हिरवी साय जमलेली असते, तिचा फोटो कोणी काढत नाही.

ही साय का येते हे आता गावातली शाळकरी पोरंही सांगतात. मैलापाण्यातून नत्र आणि स्फुरद येतं, त्यावर शेवाळ माजतं. ते मेलं की कुजतं, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं. पहाटे हा तुटवडा सगळ्यांत जास्त असतो, म्हणून मेलेले मासे सकाळी काठाला लागलेले दिसतात. चिलापी कमी प्राणवायूतही तग धरते. जाळ्यात तीच का उरली, याचं उत्तर एवढंच आहे. मैलापाण्यावरची नेहमीची प्रक्रिया नीट झाली तरी नत्र-स्फुरद काढायला वेगळी यंत्रणा लागते, आणि इथे तर नेहमीच्या प्रक्रियेचीच वानवा आहे. भिगवण, कुंभारगावला हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, म्हणून पाणी चांगलं आहे असंही कोणी समजू नये. त्यांना उथळ चिखल आणि त्यातले बारीक जीव हवे असतात. ते इथे भरपूर आहेत.

हे पाणी येतं कुठून? आषाढी वारीची वाट आठवा. तुकोबांची पालखी देहूहून निघते. पुणे, यवत, वरवंड, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असे मुक्काम करत पंढरपूरला पोचते. देहू इंद्रायणीच्या काठावर. तीच इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. पवना दापोडीला मुळेत शिरते, आणि मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेत. पिंपरी-चिंचवड आणि पुणे या दोन महानगरांचं सांडपाणी घेऊन भीमा उजनीत येते आणि धरणाखाली पुढे पंढरपूरला जाते, जिथे तिला आपण चंद्रभागा म्हणतो. आम्ही दारात उभे राहून वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढत असतो, पायाला तेल चोळत असतो, आणि तालुक्याच्या दुसऱ्या अंगाने देहूच्याच नदीचं पाणी त्याच गावाला निघालेलं असतं. एका वाटेने नाम जातं, दुसऱ्या वाटेने घाण. दोन्ही एकाच वाळवंटावर पोचतात, आणि तिथे आमच्याच घरची म्हातारी माणसं डोळे मिटून बुडी घेतात. मला ही गोष्ट सहन होत नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२२ च्या अहवालात देशात ३११ प्रदूषित नदीपट्टे मोजले. त्यांतले ५५ महाराष्ट्रातले, कोणत्याही राज्याहून जास्त. भीमा, इंद्रायणी, पवना, मुळा-मुठा या सगळ्या त्यात आहेत. आणि हे राज्य असं, की १९७४ चा केंद्राचा जलप्रदूषण कायदा येण्याआधीच, १९६९ मध्ये, आपण स्वतःचा कायदा केला होता! तेव्हा पुण्यावरचा इंदापूरकरांचा राग रास्त आहे. तो आणखी मोठ्याने बोलला पाहिजे.

पण एवढं बोलून मला थांबता येत नाही, कारण आमच्या घरचं दीड एकर मला दिसतं.

ती जोंधळ्याची काळी जमीन होती. कालव्याचं पाणी होतं, वडिलांनी ऊस केला. पाटाने मोकाट पाणी दिलं, कारण पाळी आली की घेतलंच पाहिजे, नाहीतर गेली. सऱ्या काठोकाठ भरायच्या. वर युरियाची पोती. काही वर्षं उसाने घर उभं केलं, हे मी नाकारत नाही. मग एका उन्हाळ्यात सरीच्या माथ्यावर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसलं. बोटावर घेऊन जिभेला लावलं तर खारट. निचरा नसलेल्या काळ्या रानात पाण्याची पातळी वर येते, वर आलेलं पाणी उन्हाने उडून जातं आणि क्षार मागे राहतात. पुढे जमीन चोपण झाली. नांगर टाकला की ढेकळं दगडासारखी, पाऊस पडला की नुसता राडा. आज तिथे वेडी बाभूळ आहे.

आणि हे कोणाला माहीत नव्हतं असं नाही. नीरा डावा कालवा १८८५ चा. १९१० मध्येच पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला. कालव्याला तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षं झाली होती. त्यानंतर शंभर वर्षं आम्ही त्याच सऱ्या भरत आलो. आज बारामतीजवळ माळेगाव खुर्दला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे, कृषी विज्ञान केंद्र आहे, ठिबक आहे, जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा करता येतो, पाचट न पेटवता त्याची कुट्टी करता येते. ज्यांनी केलं त्यांची रानं सुधारली. बाकीच्या रानांतलं उरलेलं खत आणि क्षार ओढ्याने नीरेत जातात. नीरेचं पाणी काळं पडून मासे मेल्याच्या बातम्या आपण याच भागात कितीदा वाचल्या. कारखान्यांच्या सांडपाण्याबद्दल बोलायला मात्र आपली जीभ जड होते, कारण ऊस तिथेच जातो आणि घरातलं एखादं पोरगं तिथेच कामाला असतं. मला ही अडचण कळते. तरीही बोललं पाहिजे. पुण्याला जाब विचारणाऱ्याच्या तोंडी आपल्या ओढ्याचं नाव नसेल, तर त्या जाबाला वजन राहत नाही.

पाण्याच्या वाटेवर प्रत्येक गावाला वरचं अंग आहे तसं खालचंही आहे. आम्ही स्वतःला कायम खालच्या अंगाचे समजत आलो.

पुढच्या आषाढात सराटीला तुकोबांच्या पादुकांना नीरास्नान होईल, तेव्हा बारामती-इंदापूरच्या माणसांनी नदीच्या काठाशी जाऊन त्या पाण्याचा रंग आणि वास नीट घ्यावा, ही माझी विनंती आहे. ते पाणी पुण्याहून आलेलं नसतं. ते आमच्या रानांतून, आमच्या ओढ्यांतून आलेलं असतं. सराटीहून ते नरसिंहपूरला भीमेत मिसळतं, आणि तिथून खाली पंढरपूर आहे.