दारूचे भूत



‘तुंबाड’ हा २०१८ सालचा चित्रपट तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्यातला विनायक भुकेल्या हस्तरच्या मोहरा चोरायला पुनःपुन्हा विहिरीत उतरतो, आणि पुढे पोटच्या पोरालाही तीच वाट शिकवतो. मोहरांच्या जागी दारू ठेवून पाहा. त्याला खाली कोणी ओढत नाही. दोर तो स्वतःच सोडतो.

बौद्ध परंपरेतही प्रेताचे चित्र आहे. पोट डोंगराएवढे, गळा सुईच्या नेढ्याएवढा. ते तृष्णेचे चित्र. पण चित्राला खरे मानले की घात होतो. रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू सोडली की दोन-तीन दिवसांत त्याचे हात थरथरतात, भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसे हाका मारतात. घरचे म्हणतात, बाहेरची बाधा झाली! मग देवऋषी, लिंबू, कोंबडे. हा मेंदूचा आजार आहे, आणि उपचार न झाल्यास त्यात जीवही जातो. १९७० पासून आरोळे दांपत्याने जामखेडमध्ये आरोग्याचे काम उभे केले. त्यात खेड्यातल्या अल्पशिक्षित बायाबापड्या आजार ओळखायला शिकल्या. आपणही शिकू शकतो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत सतरावी दारूविरुद्ध आहे. पंचशीलातले पाचवे शीलही तेच. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मद्याचे तोटे सांगितले: धनहानी, भांडण, रोग, अपकीर्ती, निर्लज्जपणा, बुद्धिनाश. भुताचा त्यात उल्लेखही नाही.

तेव्हा ज्याला असे भास होऊ लागतील, त्याला त्याच रात्री दवाखान्यात न्या. तो किती प्यायचा आणि कधी सोडली, हे डॉक्टरांपासून लपवू नका.