जिंकलेल्या पैशाचा हिशेब



महाराष्ट्र सरकारने १९६९ साली लॉटरी सुरू केली. तिचे बक्षीस दहा हजारांच्या वर गेले की कर कापूनच हाती येते. मटका बेकायदा, तिथे कापणारा कोणी नाही. तरी त्या कमाईवरही कायद्याने ३० टक्के कर लागतो. हरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत.

आपण म्हणतो, कोणी पाहिलेच नाही, तर विवरणपत्रात कशाला दाखवायचे? पण ख्रिस्तसभा कर भरणे हे नैतिक कर्तव्य मानते. कोणी पाहत नसले, तरी कर्तव्य सुटत नाही.

मग कर भरला की पैसा शुद्ध झाला का? नाही. आपण जिंकलो, तेव्हा कोणीतरी हरले. त्याच्या घरी आज चूल पेटली का? हा रकाना कोणत्याही विवरणपत्रात नाही. तो आपल्यालाच भरायचा आहे.