चोरी कुठे होते आणि नजर कुठे जाते

मे महिन्यात सोलापूरचा पारा 42-43 अंशांवर गेला की माणसे गच्चीवर झोपायला जातात. खाली दाराला कुलूप आणि आत कपाटात सोने. कोणी सुट्टीला गावी गेलेले असते, कोणी लग्नाला. घरफोडीचा हाच हंगाम. दिवाळीच्या सुट्टीत तो पुन्हा येतो. घरफोडीला ऋतू असतो तसा पत्ताही असतो. साखर पेठेसारख्या जुन्या वस्तीत भर दुपारीही कोणीतरी दारात बसलेले असते, पूर्व भागात मागाचा खडखडाट आणि विड्या वळणाऱ्या बायका असतात. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोडकडे वाढलेल्या नव्या वसाहतींत मात्र नवरा-बायको दोघेही कामावर, मुले शाळेत आणि शेजाऱ्याची ओळख नावाच्या पाटीपुरती. चोराला लागते ती अशी निर्जन दुपार. म्हणून चोरीचा अभ्यास करायचा तर माणसाच्या आधी वेळ, जागा आणि वस्तू पाहावी लागते. सोलापूरने शंभर वर्षांपूर्वी याच्या नेमके उलट केले आणि त्याची किंमत अनेक कुटुंबांनी मोजली.

आधी आकड्यांविषयी. देशाची गुन्हेविषयक अधिकृत आकडेवारी 1953 पासून सलग मिळते. त्या वर्षी देशात घरफोडीचे सुमारे 1 लाख 47 हजार गुन्हे नोंदले गेले, 2012 मध्ये सुमारे 93 हजार. लोकसंख्या तिप्पट झाली आणि घरफोड्या घटल्या! याच काळात साध्या चोऱ्या मात्र वाढल्या. कारण मालमत्ताच घराबाहेर पडली. 1953च्या सोलापुरात चोरण्यासारखे जे होते ते घरात होते: दागिने, भांडी, लुगडी. आज दारात मोटारसायकल उभी असते, खिशात मोबाईल असतो, गळ्यात गंठण असते आणि बँकेतले पैसे एका फोनवर हलतात. सोने 2000 साली दहा ग्रॅमला साडेचार हजारांच्या आत होते, आज लाखाच्या पुढे आहे. तेच मंगळसूत्र, तोच हिसका. वर्तमानपत्रातला 'ऐवज' मात्र वीसपटीहून अधिक झाला.

शिवाय आलेखात चोराइतकाच ठाणे अंमलदारही असतो. दिल्लीने वाहनचोरी आणि किरकोळ चोरीची तक्रार ऑनलाइन नोंदवायची सोय केली, तेव्हा तिथले चोरीचे आकडे झपाट्याने फुगले. ठाण्यात जायचे, समोर बसून राहायचे आणि शेवटी 'गहाळ' अशी नोंद घेऊन परतायचे, हे टळले म्हणून लोकांनी तक्रारी दिल्या. एखाद्या शहरात चोरी वाढलेली दिसली तर तिथले पोलिस अधिक प्रामाणिक झाले असतील, ही शक्यता आपण कधी विचारातच घेत नाही. सोलापूरला तर स्वतंत्र पोलिस आयुक्तालयच 1992 साली मिळाले. त्याआधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी मांडून 'शहर बिघडले' म्हणणे चुकीचे आहे. देशाच्या वार्षिक गुन्हे अहवालात महानगरांचे वेगळे तक्ते असतात, पण ते 20 लाखांवरच्या शहरांचे. 2011च्या जनगणनेत साडेनऊ लाखांचे असलेले सोलापूर जिल्हावार तक्त्यातल्या एका ओळीत उरते. मधल्या आकाराच्या शहराला स्वतःच्या चोऱ्या नीट वाचायची संधीच मिळत नाही. मग ती जागा जुने समज भरून काढतात.

ते समज कुठून आले, हे सोलापूरकराला लांब शोधायला नको. सेटलमेंट म्हटले की रिक्षावाला आजही पत्ता विचारत नाही. 1871चा गुन्हेगार जमाती कायदा 1911च्या दुरुस्तीनंतर मुंबई इलाख्याला लागू करता येऊ लागला आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाची वसाहत, म्हणजे हीच सेटलमेंट, उभी राहिली. कैकाडी, पारधी, टकारी, भामटा, कंजारभाट अशा जमातींची माणसे तिथे आणून ठेवली गेली. दररोज हजेरी. बाहेर जायचे तर पास. बोटांचे ठसे. 1924च्या कायद्याने तर नोंदणी झालेल्या जमातीतल्या माणसाला ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास किमान सात वर्षे आणि तिसऱ्यांदा जन्मठेप, अशी तरतूद केली. तोच गुन्हा कुंपणाबाहेरच्या माणसाने केला तर शिक्षा वेगळी.

आणि ही माणसे दिवसभर कुठे असत? गिरणीत. 1877 साली स्थापन झालेली जुनी मिल आणि तिच्या मागून आलेल्या गिरण्या यांना हात हवे होते आणि वसाहतीत हात कोंडलेले होते. मला या इतिहासात सर्वांत जास्त अस्वस्थ करते ते हेच. जन्मतः चोर म्हणून नोंदलेला माणूस पाळी भरत होता, सूत काढत होता, या शहराची श्रीमंती वाढवत होता आणि भोंगा झाल्यावर हजेरी द्यायला तारेआड परतत होता. त्याने चोरी केली की नाही, हा प्रश्न कायद्याने विचारलाच नाही.

मुंबई राज्याने हा कायदा 1949 मध्ये मागे घेतला, देशभरात तो 31 ऑगस्ट 1952 रोजी संपला. कुंपणाची तार पंडित नेहरूंनी सोलापुरात येऊन तोडली, असे इथे अभिमानाने सांगतात. तार तुटली, पण 1959 साली राज्याचा सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि ठाण्यातल्या संशयाच्या यादीला नवे नाव मिळाले. याच सोलापूरच्या बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने 2008 मध्ये भटक्या-विमुक्तांच्या स्थितीचा अहवाल दिला. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' या आत्मकथनाला त्याआधी वीस वर्षे साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला होता. आपण पुस्तक गौरवले, घर फुटले की मात्र पहिली जीप त्याच वस्त्यांकडे जाते. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतल्या जातीवर आधारलेल्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि विमुक्त जमातींना जन्माने गुन्हेगार मानण्याच्या रीतीवर बोट ठेवले. स्वातंत्र्याला तेव्हा 77 वर्षे झाली होती.

या नजरेत अन्याय आहे आणि तिने तपासही बिघडतो. सात रस्त्याजवळच्या निवृत्त शिक्षकाची आयुष्याची पुंजी आज कोणी झारखंडात किंवा परदेशात बसून ओटीपीवर काढून घेतो. कोणत्याही पेठेची हजेरीवही त्याला पकडू शकत नाही. तिथे पहिल्या तासात 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करणे आणि बँकेने ते खाते गोठवणे उपयोगी पडते. मोटारसायकल तासा-दोन तासांत विजापूर किंवा कलबुर्गीकडे सीमा ओलांडते. तिथे दोन राज्यांच्या पोलिसांची एकत्रित नोंद हवी. इंग्लंडमध्ये वाहनचोऱ्या घटल्या त्याचे एक मोठे कारण गाड्यांमध्ये बसवलेले इलेक्ट्रॉनिक कुलूप होते. 1 जुलै 2024 पासूनच्या भारतीय न्याय संहितेत पाच हजारांखालील पहिल्या चोरीला, वस्तू परत केल्यास, समाजसेवेची शिक्षा आहे. चोरीकडे कृती म्हणून पाहण्याची ती एक सुरुवात आहे.

शहर पोलिसांनी दर महिन्याला ठाणेनिहाय, वेळ, जागा आणि वस्तू यांसह चोऱ्यांची माहिती जाहीर करावी, ही माझी मागणी आहे. तक्रारदार आणि संशयित यांची नावे त्यात नकोत, जात तर नकोच. हा तक्ता पाहून होटगी रोडच्या सोसायटीला आपल्या दुपारची राखण कशी करायची ते ठरवता येईल आणि सेटलमेंटमधल्या मुलाला रात्री पोलिसांनी उचलून नेले तर त्याच्या आईला विचारता येईल, की या तक्त्यातल्या कोणत्या चोरीसाठी नेले.